सांध्याची तार

जळगाव
९ ऑक्टोबर २०२४

अब्बांना अतिकचा सलाम.

मोबाईल गेला. जीनत आपाला सांगा, उगाच फोन लावत बसू नको. कागदाच्या गिरणीत रद्दी भिजवून घुसळायचा एक हौद असतो, विहिरीएवढा. त्याच्यावर वाकून बघत होतो, वरच्या खिशातून सटकला. रुपचंदभाऊ म्हणाले, "आता तुझ्या मोबाईलचे खोके होतील आणि त्यात केळी भरून दिल्लीला जातील." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. तुमच्यासाठी तसंही मोबाईल असून नसून सारखाच. मागांच्या खडखडीनं तुमचे कान नेले तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं तर कागदच लागतो. निदान आता कागद कुठून येतो ते तरी बघतोय.

तर नवं काम धरलंय. आपा हसेल, तिला हसू द्या. रावेरला केळी पिकवायच्या खोलीत होतो तेव्हाही ती म्हणाली होती की हा दिवाळीपर्यंत टिकायचा नाही, आणि मी दिवाळीनंतर सोडलं. बँडमध्ये ढोल वाजवत होतो ते धरत नाही, तिथं मालकच पळाला.

हे काम असं. गिरणीत ओला कागद येतो, अगदी ओला, हात लावला तर फाटेल असा. तो माणसापेक्षा उंच लोखंडी ड्रमांवरून जातो. ड्रमच्या आत वाफ असते, तवाच म्हणा. एकापुढे एक अशी तव्यांची रांग, आणि कागद त्यांना चिकटून राहावा म्हणून वरून एक कापड त्याला दाबत फिरतं. कागदाची वाफ त्या कापडाच्या भोकांतून वर निघून जाते. कापड गोल गोल फिरत राहतं, त्याला सुरुवात नाही नि शेवट नाही. इथं सगळे त्याला 'स्क्रीन' म्हणतात. ते झिजलं की मशीन थांबवतात, आणि रुपचंदभाऊंची आमची गँग जाऊन जुनं काढते, नवं घालते. आज या गिरणीत, उद्या त्या. मला हेच आवडलं, एका जागी राहावं लागत नाही.

पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. हे कापड सुताचं नाही. मासे धरायच्या गळाला दोरी असते ना, तसल्या प्लॅस्टिकच्या धाग्याचं विणलंय. पूर्वी म्हणे सुताचंच असायचं, ते वाफेनं कुजायचं आणि तव्यावर भाजून निघायचं. हे वर्षभर रात्रंदिवस भाजलं तरी फाटत नाही. तळहाताएवढा तुकडा पाकिटात घातलाय. आयुष्यभर तुमच्या मागाशेजारी बसून जेवलो तरी मला विणीतलं कळत नाही. तुम्ही बघा.

पत्र रुपचंदभाऊंच्या दुकानावर पाठवा, अजिंठा चौफुलीपाशी. मी नसलो तरी ते ठेवून घेतात.

तुमचा,
अतिक


धुळे
२१ ऑक्टोबर २०२४

बेटा अतिक, दुआ.

तुकडा मिळाला. माझं अक्षर चौथीचं आहे, तेव्हा आमच्या खेड्यात उर्दू शाळा नव्हती आणि मराठी शाळेत चौथीपर्यंतच होतं. सांभाळून वाच.

तुकडा दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. चहाच्या टपरीवर जुने मागवाले बसतात, त्यांना दाखवला. एकानं हातानं चाळायची खूण केली, ही गव्हाची चाळण आहे म्हणे. त्याला नाद सोडून दे म्हणालो. मी मोठ्यानं बोललो असेन, सगळे बघायला लागले.

कडेचा एक धागा सोडवून बघितला. उभा धागा आडव्याच्या खाली असा घातलाय की वरून त्याची फक्त पाठ दिसते. उजेडाकडे धरलं तर भोकं सारखी. ज्यानं विणलं त्याचा माग मला बघायला आवडला असता. आम्ही विणलेलं लुगडं बाईच्या अंगावर दोन-तीन वर्षांत विरायचं. विरलं म्हणूनच दुसरं विकलं जायचं, आणि आम्हाला काम मिळायचं. न विरणारं कापड विणताना माणसाला काय वाटत असेल कोण जाणे.

आता एक सांग. तू लिहिलंस त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. असं कापड नसतं. माग असं कापड देत नाही. कुठंतरी दोन टोकं जोडलेली असणार. माझी निम्मी जवानी जुन्या ताण्याला नवा ताणा जोडण्यात गेली, एकेक धागा, एकेक गाठ. पण या कापडाला गाठ मारली तर ती कागदावर उठेल. मग गाठ कुठं लपवतात? ते बघून लिही. नीट बघ, अर्धवट बघून लिहू नको.

कय्युम

(अतिक, खाली मी लिहितेय, जीनत. अब्बा सांगणार नाहीत. त्यांचा दम वाढलाय. मशिदीपर्यंत जाताना दोनदा ओट्यावर बसतात. थंडी पडायच्या आत एकदा येऊन जा.)


चाळीसगाव
६ नोव्हेंबर २०२४

अब्बांना सलाम.

चाळीसगावच्या स्टँडवर बसून लिहितोय. धुळ्याची गाडी नुकतीच गेली. खरं सांगायचं तर त्याच गाडीनं घरी येणार होतो, पण इथं एकजण कंदिलाच्या काचा साफ करून विकतो. आता कंदील कोण घेतं, म्हणून त्याच्याशी बोलत उभा राहिलो. तो म्हणाला, "घेत कोणी नाही, पण बघतात सगळे." तेवढ्यात गाडी गेली. पुढची संध्याकाळी, आणि उद्या सकाळी आम्हाला इथल्याच एका गिरणीत जायचंय. तेव्हा पुढच्या खेपेला.

तुमचं उत्तर नीट बघून आणलंय. गाठ नसते.

दाराची बिजागरी आठवा. दोन पत्रे, दोघांना घरं, घरं एकमेकांत बसवायची आणि मधून खिळा घालायचा. तसंच आहे. कापडाच्या दोन्ही टोकांना बारीक बारीक फासे ठेवलेले असतात, हजारो. या टोकाचे फासे त्या टोकाच्या फाशांमध्ये घालायचे, दोन हातांची बोटं अडकवतो तसे. मग मधे एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून एक लांब तार, तीही प्लॅस्टिकचीच, या काठापासून त्या काठापर्यंत ओवायची. झालं. तार आहे तोवर कापड अखंड. तार ओढली की दोन टोकं मोकळी.

ओवायचं काम माझ्याकडं आलंय. माझी बोटं बारीक म्हणून. ड्रम निवलेले असले तरी कोमट असतात, त्यावर पालथं पडून फासा-फासा बघत जायचं. गेल्या खेपेला एक घर सुटलं. मला कळलं नाही, अर्ध्यावर आल्यावर रुपचंदभाऊंनी बोट ठेवलं. म्हणाले, "अतिकशेठ, एक इयत्ता सोडून पुढं गेलात, शाळेत केलं तसंच." एक घर सुटलं की कापड तिरकं चालतं, हळूहळू एका बाजूला जातं आणि काठ घासून फाटतो. म्हणून सगळी तार ओढून काढली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली.

आणखी एक गोष्ट बघितली, ती तुम्हाला आवडेल. नवं कापड आत कसं घालतात? त्या तव्यांच्या मधल्या वाटा इतक्या वाकड्या की माणूस शिरू शकत नाही. तर जुनं कापड एका जागी कापतात, त्याच्या शेपटाला नवं बांधतात, आणि मशीन अगदी सावकाश फिरवतात. जुनं बाहेर पडता पडता नव्याला बोट धरून सगळी वाट दाखवत आत नेतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हातातला चहा निवला.

आपा, अब्बांचा दम दरवर्षीचाच आहे. मागावरच्या तुसाचा. सुंठ-गूळ दे आणि ओट्यावर बसायला लागलं तर बसू दे, घाई कसली.

अतिक


धुळे
२० नोव्हेंबर २०२४

बेटा अतिक, दुआ.

बिजागरीचं कळलं. कागदावर कळलं. हाताला कळायचं राहिलंय.

जुन्या कापडानं नव्याला ओढत न्यायचं, हे तू नवं म्हणून लिहिलंस. आमच्या मागावर तेच होतं. जुना ताणा संपत आला की शेवटचं वीतभर विणत नाहीत, नव्याच्या धाग्यांना बांधायला ठेवतात. तू लहानपणी त्याच उरलेल्या धाग्यांशी खेळायचास.

आता माझ्या कामाचं लिहितो. मन लावून वाच.

तुझ्या अम्मीची, मदिनाची, कबर या पावसात खचली. मी तुला कळवलं नव्हतं. आपल्या कबरस्तानात काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. मयतावर आडव्या घालतात त्या फळ्या कुजल्या, माती आत बसली. मी गेलो तेव्हा नुसता खड्डा होता, दुसरं काही दिसत नव्हतं. हसीबनं मुरुमाच्या पाट्या आणून भरला. हसीब तुला आठवत असेल, कबरी खणतो तो, लहानपणी तू त्याला घाबरायचास. त्यानं लिहून दाखवलं, दर पावसात दहा-पाच खचतात, मनाला लावून घेऊ नको. पण मला तो खड्डा मदिनाच्या अंगावर पडल्यासारखा वाटला. अजून वाटतो.

माझ्या वेळी तुम्हा दोघांना असं उभं राहावं लागू नये. म्हणून तुझ्या गिरणीतलं ते कापड मला हवंय. नवं नको. झिजून निघालेलं, टाकून दिलेलं चालेल. माणसाच्या उंचीपेक्षा थोडं जास्त लांब आणि दोन हात रुंद. फळ्यांवर चटई टाकतात त्या जागी ते टाका आणि मग माती लोटा. चटई कुजते, हे कुजणार नाही. माती धरून ठेवील.

धुऊन मी घेईन. तू फक्त घेऊन ये. घाई नाही, पण फार उशीरही करू नको.

कय्युम


भडगाव
८ डिसेंबर २०२४

अब्बांना सलाम.

तुम्ही कबरीचं लिहिलंत ते वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पुन्हा लिहू नका. तुम्ही अजून आपाच्या नातवंडांना ओरडणार आहात.

पण कापड मागितलंत म्हणून आणलं. गिरणीतून मिळालं, रुपचंदभाऊंनी शब्द टाकला. गुंडाळी खांद्यावर टाकून निघालो, खरंच धुळ्यालाच निघालो होतो. पाचोऱ्याच्या पुढं एसटी बंद पडली. मागून एक ट्रॅक्टर आला, त्यावर प्रेमराज नाना, भडगावजवळ त्यांची शेती. म्हणाले, "चाल, बस, कथा चालना?" धुळ्याला म्हणालो आणि बसलो. मग गुंडाळीकडं बघून, "हाई काय शे रे पोऱ्या? कपडं शे का जाळं शे?" सांगितलं तर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले आणि हात लावून बघितलं.

त्यांच्या घरी गेलो तर बकऱ्यांचा गोठा. जमीन खोलगट, मूत साचतं, बकऱ्या त्यातच उभ्या. खुरं कुजलेली, दोन तर गुडघ्यावर चालत होत्या. नानांनी मागितलं नाही. फक्त गुंडाळीकडं बघत राहिले. मीच म्हणालो, अंथरून बघू. चार विटा ठेवून वर ताणून बसवलं. सगळं खाली निथळून गेलं आणि बकऱ्या वर कोरड्या. संध्याकाळी त्यातली एक लंगडी त्यावर चढून बसली, ती उठेचना. नानांची बायको म्हणाली, "बठ्ठा गाव देखाले येई आते." आणि खरंच सगळं गाव बघायला आलं. मग मी राहिलो. गोठ्याला दुसऱ्या बाजूनं उतार करून दिला. भरीत-भाकरी खातोय. तुम्ही असता तर तुम्हीही दिलं असतं, मला माहीत आहे.

दुसरं आणतो. याच्याहून मोठं आणतो.

अतिक


धुळे
१७ डिसेंबर २०२४

बेटा,

बकऱ्यांना दिलंस ते बरं केलंस. त्यांना आज गरज होती.

दुसरं मिळालं की कोणाबरोबर पाठवू नको. तू घेऊन ये. सांधा कसा घालतात ते मला समोर बसून बघायचंय.

थंडी फार आहे. पत्र लहान लिहितो.

कय्युम


जळगाव
३० डिसेंबर २०२४

अब्बांना सलाम.

कापड मिळालं, आणि कसलं मिळालं बघा. मी मुद्दाम सांध्याच्या दोन्ही बाजूंनी कापून घेतलं. म्हणजे तुम्हाला हव्या त्या मापाचा तुकडा, आणि त्याच्या मधोमध, लांबीनं, सांधा. तारेचं टोक काठाला बोटभर बाहेर ठेवलंय. ते धरून ओढलं की तार निघते. हळू ओढा, तुम्हाला मजा येईल.

मी आजच येणार होतो. पण दुकानासमोर एक ट्रक थांबला, त्यात जत्रेतला मोठा पाळणा सुटा करून भरलेला. त्यांचा एक माणूस तापानं आडवा झालाय आणि जामनेरला पाळणा उभा करायचाय. वर चढणारा माणूस हवा म्हणाले. अब्बा, तो पाळणा नट-बोल्टांवर कसा उभा राहतो हे मी लहानपणापासून बघायचं म्हणतोय. जामनेर काही लांब नाही. तिथलं झालं की सरळ घरी.

जीवराम म्हणून एक टेम्पोवाला केळी घेऊन उद्या धुळ्याला येतोय, त्याच्याबरोबर गुंडाळी आणि हे पत्र देतोय. चांगला माणूस आहे, घरपोच आणून देईल. चहा पाजा. कापड आलं म्हणजे मी अर्धा आलोच समजा.

अतिक


धुळे
१९ जानेवारी २०२५

अतिक,

अब्बा गेले. दहा तारखेला, शुक्रवारी, पहाटे फजरच्या अजाननंतर. जुम्म्याच्या नमाजनंतर दफन झालं.

मी रुपचंदभाऊंना फोन केला. त्यांनी जामनेरला माणूस पाठवला. तिथून कळलं की पाळणा कधीच उठला, पुढं कुठल्या जत्रेला गेला ते कोणाला माहीत नाही. दुपारपर्यंत वाट बघितली. त्याहून जास्त थांबवत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणून हे पत्र दुकानावर पाठवतेय. केव्हा तुझ्या हाती पडेल, कोणाला ठाऊक.

रागावून लिहिणार होते. दोन पानं लिहिली आणि फाडली. झालं ते ओळीनं सांगते, कारण तुला ते दुसरं कोणी सांगणार नाही.

जीवराम कापड घेऊन आला तेव्हा अब्बा खाटेवर बसले होते. त्याच्या मागं तू येतोयस का म्हणून ते दाराकडं बघत राहिले. मग त्यांनी तुझं पत्र वाचलं. 'अर्धा आलो' यावर बोट ठेवून मला दाखवलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "कुठला अर्धा पाठवलाय, पायाचा का तोंडाचा?" सगळी गल्ली हसली. तेही हसले. हसताना खोकला लागला तो बराच वेळ थांबला नाही. जीवरामनं चहा अर्धा टाकला आणि त्यांची पाठ चोळत बसला. चांगला माणूस आहे, तू लिहिलंस ते खरं.

दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर अंगणात कापड धुतलं. मी पाणी घालायची आणि ते स्टुलावर बसून तळव्यानं दाबायचे. आधी काळं पाणी निघालं, मग तपकिरी, मग दुधट. मी खुणेनं म्हटलं, अब्बा, हे संपणारच नाही. ते म्हणाले, "रद्दीची शाई आहे. किती जणांनी काय काय लिहिलेलं यातून वाहून गेलं असेल." स्वच्छ पाणी येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही.

वाळल्यावर त्यांनी तार ओढली. कापडाचे दोन तुकडे झाले तसे हातात दोन टोकं धरून बसून राहिले. लहान मुलासारखं तोंड झालं होतं. मग चष्मा लावून पुन्हा ओवायला बसले. रोज थोडं. फासे एकमेकांत बसवले की निसटायचे. मी ओवायला हात पुढं केला तर त्यावर चापट मारली. निम्म्यापर्यंत आले. बुधवारी संध्याकाळी तार ठेवून दिली आणि म्हणाले, "उरलेलं अतिक घालील. त्याचं काम आहे, त्याला ठेव." त्यानंतर त्यांनी कापडाला हात लावला नाही.

अतिक, तुला कापडच समजलं. त्यांना कापड नको होतं असं मी म्हणत नाही. अम्मीच्या कबरीचं त्यांनी खरंच मनाला लावून घेतलं होतं. पण त्यांनी पत्रात काय लिहिलं होतं, तू घेऊन ये. दोन्ही हवं होतं. तू त्यातलं टेम्पोत बसणारं तेवढं पाठवलंस.

शुक्रवारी हसीब चाचा आले तेव्हा मी गुंडाळी त्यांच्यापुढं ठेवली. अब्बांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. चाचांनी कापड हातानं ताणून बघितलं, परत खाली ठेवलं आणि म्हणाले, "बेटी, हे मी आत टाकणार नाही."

मी म्हणाले, चाचा, त्यांची इच्छा होती.

"माहीत आहे. माझ्याशी भांडलाय तो यावरून. मी लिहून दाखवलं, तो मोठ्यानं ओरडला. तरी नाही." मग माझ्यासमोर उकिडवे बसले. "मी जिथं खणतो तिथं आधी कोणीतरी असतंच. माती त्याला सामावून घेते, म्हणून दुसऱ्याला जागा होते. आपलं कबरस्तान केवढं, तू बघतेस. हे कापड कोणाला जागा करून देणार नाही. मी मेल्यावर कोणीतरी तिथं कुदळ घालील, ती यात अडकेल, आणि तो कय्युमच्या नावानं बोटं मोडील. ते मला नकोय."

कबर खचेल त्याचं काय, मी विचारलं.

"खचू दे. मी भर घालीन. मी नसेन तेव्हा दुसरा घालील. खचली की पोरांनी यायचं, दोन पाट्या माती टाकायची. नाहीतर कोण येतंय."

तू असतास तर काय म्हणाला असतास, माहीत नाही. मी कापड उचलून बाजूला ठेवलं. अब्बांच्या शब्दासाठी भांडायला हवं होतं असं अजून मधूनच वाटतं.

पण पुढं असं झालं. अब्बांना आंघोळ घालायला मशिदीतला तख्ता आणला. तो जुना, मधे दबलेला, पाणी त्यात साचतं. अम्मीच्या वेळी बायकांनी सारखं कापडानं टिपून काढलं होतं ते मी पाहिलंय. मी आतल्या खोलीत होते. चाचा आत आले, काही न विचारता गुंडाळी उचलून घेऊन गेले आणि तख्त्यावर अंथरली. नंतर आंघोळ घालणाऱ्यांनी सांगितलं की पाणी पडलं तसं सरळ खाली गेलं, एक थेंब अंगाखाली राहिला नाही. अब्बा कोरड्यावर निजले होते.

दफनानंतर चाचांनी ते स्वतः धुतलं आणि मशिदीच्या भिंतीवर वाळत घातलं. मग निरोप पाठवला, हे तख्त्याजवळच राहू दे का. जे कुजत नाही ते वर कामाला येऊ दे, इथून जाणारा प्रत्येक जण यावरून जाईल. मी हो म्हटलं. विचारायला तू नव्हतास.

फक्त सांधा निम्मा उघडा आहे. पायाकडच्या बाजूला घडी पडते. मशिदीतले म्हणतात, दाभणानं शिवून टाकू. मी अजून शिवू दिलेलं नाही. तारेचं बाहेर राहिलेलं टोक गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलंय.

जीनत


जळगाव
३ फेब्रुवारी २०२५

आपा,

आज दुकानावर आलो. रुपचंदभाऊ नेहमी मला बघितलं की काहीतरी टोमणा मारतात. आज उठून आत गेले, पत्र आणून हातात दिलं आणि चहा सांगायला म्हणून बाहेर गेले ते लवकर आलेच नाहीत. तेव्हाच कळलं होतं. तरी आधी पाकिटावरचं तुझं अक्षर बघत बसलो. वर अब्बांचं नाही हे दिसत होतं.

काय लिहू. पाळण्याबरोबर आधी फैजपूरला गेलो, मग आणखी कुठं. दहा तारखेला कुठं होतो ते आठवायचा प्रयत्न केला. बहुतेक वर चढलेलो होतो. वरून खूप लांबचं दिसतं.

हसीब चाचांचं बरोबर असेल. त्यांच्याशी मी भांडणार नाही. पावसाळ्यात दोन पाट्या माती टाकायची ती मी टाकीन, दोघांच्याही. हे मी आत्ता म्हणतोय म्हणून तू विश्वास ठेवू नको, जुलैत बघ.

दाभणानं शिवू देऊ नको. शिवलं तर टाके पाण्यानं सुटतील आणि शिवण अंगाला टोचेल. रुपचंदभाऊंकडून नवी तार मागून घेतलीये, जुनी वाकली असेल तर म्हणून. पण जुनीच पुरेल असं वाटतं.

आणि एक. नियम असा आहे की एक घर जरी सुटलेलं दिसलं तरी सगळी तार ओढून पहिल्यापासून घालायची. अब्बांनी घातलंय तिथवर मी काढणार नाही. सुटलं असेल घर तर सुटलेलं राहू दे. त्यांनी जिथं ठेवली तिथूनच पुढं ओवीन.

हे टपालात टाकत नाही. टाकलं आणि मी वाटेत कुठं रमलो तर ते माझ्याआधी पोचेल, आणि या वेळी माझ्याआधी काहीच पाठवायचं नाही. गाडी लागलीये. पत्र खिशात घालून आणतोय. दार उघडशील तेव्हा आधी माझ्याकडं बघून घे, काय बोलायचं ते बोल. मग वाच.

अतिक